देवाचा पहिला पेला

माझ्या नवऱ्याच्या हृदयाच्या तीन नळ्या बुजल्या आहेत असं तंजावरच्या डॉक्टरांनी सांगितलं. गुरुवारी सकाळी आठला शस्त्रक्रिया ठरली. आणि रविवारी दवाखान्याच्या खाटेवर बसून हे गृहस्थ मला म्हणाले, "गोदे, तूं येथें राहूं नको. घरीं जा."

क्षणभर मला वाटलं, माझ्या गुडघ्यांची काळजी. मी म्हटलं, "मज कांहीं होत नाहीं. मी राहतें."

"येथें डॉक्टर आहेत, रम्या आहे. दुकानीं कोण आहे? पहिला पेला कोण देईल?"

रम्या आमची मुलगी. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. छाती उघडायची आहे यांची, आणि जीव अडकलाय कॉफीच्या पेल्यात! मी चांगलं सुनावायला तोंड उघडलं होतं, पण खाटेशेजारच्या यंत्रावरचे आकडे वर चढताना दिसले आणि मी ते मिटलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, रक्तदाब खाली यायला हवा, माणूस शांत हवा. सदतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. आकड्यांशी भांडू नये एवढं मला कळतं.

"सरी, बरें, जातें," मी म्हटलं.

"रोज सकाळीं सहाला फोन करीन," ते म्हणाले. "इतकेंच सांग. तो आला का, आणि प्याला का."

हे सगळं तुम्हाला वेड्यासारखं वाटत असेल तर मला नवल नाही. मलाही लग्न झाल्या दिवसापासून तसंच वाटत आलंय. पण आता पेल्याचं प्रकरण सांगायलाच हवं.

यांचे आजोबा बालाराव. तंजावरच्या दरबारात घराण्याची कारकुनी होती म्हणे. दरबार गेला, कारकुनी गेली, नावामागचं राव तेवढं उरलं. बालारावांनी कुंभकोणमला महामहम तळ्याच्या पश्चिमेला हातभर जागा घेतली आणि चूल मांडून कॉफी विकायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी ते तापानं अंथरुणाला खिळले. चूल बंद, घरात दोन लहान मुलं. तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या विठोबाच्या तसबिरीशी करार केला. नवस नव्हे, हे आमच्या घरात प्रत्येक सुनेला पहिल्याच आठवड्यात समजावतात. नवस एकदा फेडला की संपतो. करार चालू राहतो.

करार असा: "रोज उजाडायच्या आंत पहिला पेला तुझा. तूं तसबिरींतून उतरून पिणार नाहींस हें मज ठाऊक आहे. तरी जो पहिला दारीं येईल तो तूंच. त्याचें नांव, गांव, जात पुसणार नाहीं. तूं इतकेंच कर, ही चूल विझूं देऊं नको."

देवानं होकार दिला की नाही याचा काही पुरावा नाही. पण बालाराव उठले, आणि चूल आजतागायत पेटलेली आहे. आता तिथं गॅस आहे, तो भाग वेगळा.

हे ज्या भाषेत झालं ती आमची घरातली मराठी. एकदा पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी यांचं बोलणं ऐकून विचारलं होतं, "तुम्ही बखर वाचून दाखवताय का?" हे खूश झाले होते. उंबऱ्याबाहेर आम्ही सगळे तमिळच बोलतो. देवाशी मात्र बखरीतच.

तर रोज पाचला दुकान उघडायचं. पितळी पेल्यात पहिली कॉफी, पेल्याखाली खोलगट डबरा. तसबिरीसमोर धरायची, मनात एक ते दहा आकडे म्हणायचे, आणि दाराशेजारच्या स्टुलावर ठेवायची. मग जो पहिला येईल त्याला द्यायची.

आणि गेली अकरा वर्षं हा पहिला येणारा एकच होता. महालिंग. सत्तरीकडे झुकलेला, कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्यावर हिरवा टॉवेल. पाच वाजून पाच मिनिटांनी फटफट करत मोपेड यायची, हे महाराज स्टुलाशेजारी बसायचे आणि पेला उचलायचे. बरं, गुपचूप प्यावं की नाही? छे. "आज दूध करपलं." "आज डिकाशन पाणचट." डिकाशन म्हणजे कॉफी आणि चिकोरीच्या पुडीचा काढा, आमच्या धंद्याचा प्राण. त्याला पाणचट म्हटलं की मणीचा, म्हणजे आमच्या कॉफी-मास्टरचा, चेहरा उतरायचा. आणि आमचे हे? हात जोडून म्हणायचे, "उद्या नीट करतो."

मी पुष्कळदा म्हटलं, "विठोबास सगळ्या कुंभकोणांत दुसरें कोण्ही मिळत नाहीं? रोज हाच कसा?"

"त्याची इच्छा," म्हणायचे आणि विषय बदलायचे. मला त्या विषय बदलण्याचाच राग यायचा.

सोमवारी पाचला मी पहिल्यांदा एकटीनं दुकान उघडलं. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, गुडघे ठणकत होते, आणि मणीनं दूध तापवेपर्यंत मी तीनदा रम्याला फोन लावून बंद केला होता. पेला तसबिरीसमोर धरला, वाफेनं चष्मा धुरकटला, कसेबसे दहा म्हटले. पाच वाजून पाच मिनिटांनी फटफट आली.

महालिंगानं विचारलं, "तुकोजीराव?"

"तंजावरला. गुरुवारी शस्त्रक्रिया."

त्यानं मान हलवली. पेला उचलला, अर्धा प्याला, थांबला. आणि म्हणाला, "आज हात बदललाय. चव गेली."

झालं. माझ्या आतलं सगळं एकदम वर आलं. "अकरा वर्षं देवाच्या नावाखाली फुकटची कॉफी ढोसताय," मी म्हटलं, "आणि वर रोज नावं ठेवताय? तिकडे माझा नवरा मरणाच्या दारात आहे आणि तुम्हाला चव पडलीय? जनाची नाही तर मनाची तरी ठेवा काही!"

मणीनं गाळणं हातात धरून डोळे मिटले.

महालिंगानं पेला हळूच डबऱ्यात ठेवला. टॉवेलनं ओठ पुसले. मोपेड सुरू व्हायला त्या दिवशी फार वेळ लागला आणि तेवढा वेळ मी भांडी उगाच वाजवत राहिले.

सहाला फोन. "आला?"

"आला."

"प्याला?"

अर्धा म्हणजे अर्धाच, हे मी पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवलंय. तरी म्हटलं, "प्याला."

मंगळवारी पाच वाजून पाच झाले, दहा झाले, साडेपाच झाले. फटफट नाही. पेल्यावर साय धरली. बाहेर काळोखाचा निळा झाला, निळ्याचा राखाडी. मणी माझ्याकडे न बघता म्हणाला, "अक्का, उजाडलं." मी कॉफी मोरीत ओतली.

"आला?" सहाला यांचा आवाज.

"आला."

"काय म्हणाला?"

ह्याची तयारी मी केली नव्हती. "म्हणाला, दूध पातळ."

"बरें, बरें," हे सुटकेचा श्वास सोडून म्हणाले. "म्हणजे सगळें ठीक आहे."

तासाभरानं रम्याचा फोन, रक्तदाब पहिल्यांदाच खाली आलाय, डॉक्टर खूश आहेत. माझं खोटं औषधासारखं लागू पडलं होतं. बुधवारी पुन्हा तेच झालं. रिकामं दार, साय, मोरी. आणि सहाला मी बेधडक सांगितलं, आज म्हणाला साखर जास्त. हे चक्क हसले. मग म्हणाले, "गोदे, तूं तेथें आहेस म्हणून मी निश्चिंत आहें. उद्यां आंत जातांना इतकेंच मनीं धरून जाईन, आज पेला गेला."

लग्नाच्या पस्तीस वर्षांत ह्या माणसानं मला असं काही म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं ते नेमकं मी खोटं बोलत असताना. देवाचं मला फारसं कळत नाही, पण यांना मी फसवत होते एवढं कळत होतं.

"तो महालिंग राहतो कुठं?" मी मणीला विचारलं.

"तिरुनीलक्कुडीला. पानमळा आहे त्यांचा."

"तिरुनीलक्कुडी? तिथून रोज पाचला इथं येतो? एका कॉफीसाठी?"

मणी खांदे उडवून भांडी घासायला लागला.

दुपारच्या बसनं मी गेले. पूर्वेकडे पाऊण तास, पुढे चालत. पानमळा शोधायला कष्ट पडले नाहीत, गावात शिरल्या शिरल्या पोरं पुढे धावली. आत हिरवा गारवा होता. हादग्याच्या सरळ झाडांवर पानवेली चढवलेल्या, आणि महालिंग एकेक वेल केळीच्या सोपटानं झाडाला बांधत उभा. मला पाहून त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"बसा, अम्मा," तो म्हणाला. "दूध घेता?"

"मी माफी मागायला आलेय," मी म्हटलं. माफी मागायची सवय नसली की ती भांडल्यासारखी बाहेर पडते, तशी पडली. "मी बोलले ते चुकलं. उद्या तुम्ही या. हवी तेवढी नावं ठेवा. दोन पेले घ्या."

महालिंग सोपट दातात धरून गाठ मारत होता. ती मारून झाल्यावर म्हणाला, "मला कॉफी आवडत नाही."

"काय?"

"पित्त होतं. लहानपणापासून. आमच्या घरात सगळे दूधच पितात."

मी बांधावर बसले. बसायलाच हवं होतं.

मग त्यानं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी पहाटेची बस आमच्या रस्त्यानं येईनाशी झाली. ती येत होती तोवर रोज कोणी ना कोणी उतारू दारात यायचा आणि पेला जायचा. बस वळली आणि उजाडायच्या आत आमच्या दारात कोणी फिरकेना. महालिंग आणि हे दोघंही शनिवारी गोविंदपुरम्‌ला विठोबाच्या देवळात भजनाला जायचे, तेवढीच ओळख. एका शनिवारी चपला ठेवतात त्या कोपऱ्यात हे बसून रडताना त्याला दिसले. तीन दिवस पेला कोणी उचलला नव्हता.

"मी म्हटलं, रडू नका, उद्या मी येतो. गेलो. प्यालो. निघताना तुमचे यजमान म्हणतात, मग उद्या भेटू." महालिंगानं हात पसरले. "त्यांचा चेहरा बघून नाही कसं म्हणायचं, अम्मा? एका दिवसाचं काम होतं, अकरा वर्षं झाली."

"मग रोज नावं का ठेवायचात?"

"आवडत नाही ती वस्तू प्यायची आणि वर हसायचंही? एवढं कोणाच्यानं होणार? आणि कोणी तपासलं नाही की दर्जा घसरतो."

"मला का नाही सांगितलं कोणी?"

"त्यांना लाज वाटायची. देवानं पाठवायचा माणूस, तो यांनी स्वतः ठरवून आणला. देवाला फसवतोय असं त्यांच्या मनात बसलं होतं. रोज माझ्यासमोर हात जोडायचे ना, ते मला नव्हे. त्याची माफी मागायचे."

अकरा वर्षं ज्याला मी मनातल्या मनात फुकट्या म्हणत होते, तो रोज काळोखात उठून एवढा रस्ता तुडवत होता, आमचा शब्द राहावा म्हणून न आवडणारं पित होता. मला रडू आलं ते मी पदरानं चष्मा पुसून लपवलं.

"तुमचा राग आला होता," महालिंग म्हणाला. "पण खरं सांगू? मंगळवारी सहापर्यंत झोपलो. बायको घाबरून नाकाशी हात धरून बघायला आली."

"उद्या याल ना पण?"

"नाही."

"अहो, उद्या आठला त्यांना आत नेणार—"

"म्हणूनच. आज रात्रीच्या बसनं मी तंजावरला जाणार. त्यांच्यापाशी बसणार."

"तुम्हाला तिथं पाहिलं की त्यांना लगेच कळेल इथं कोणी प्यालं नाही!"

"मग कोणीतरी प्यायला हवं." त्यानं पुढची वेल हातात घेतली. "करार तुमच्या घराचा आहे, अम्मा. अकरा वर्षं मी तुमच्यासाठी देवाचं काम केलं. आता एक दिवस तुम्ही माणसाचं करा."

परतीच्या बसमध्ये मी त्याला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या. वाटेत गोविंदपुरम् आलं तेव्हा खिडकीतून हात जोडले आणि पुढे पुन्हा चालू केल्या.

गुरुवारी पाचला पेला तसबिरीसमोर धरला. दहा म्हटले. स्टुलावर ठेवला. पाच मिनिटं वाट पाहिली, दहा मिनिटं. मग पदर खोचला, पेला डबऱ्यासकट उचलला आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिले.

"अक्का, दारी येईल तो, असं आहे ना?" मणी आतून म्हणाला.

"तू दूध बघ," मी म्हटलं.

पहिले आले तळ्याला फेऱ्या घालणारे एक आजोबा. पेला पुढे केला तर दोन पावलं मागे सरले. "मला साखरेचा त्रास आहे," म्हणाले, आणि किती वर्षांपासून ते सांगायला लागले, तेव्हा मीच त्यांना पुढे धाडलं. मग कानात गाण्याची बोंडं घातलेला एक तरुण पळत आला. मी हात केला, त्यानं पळता पळता हात केला. खांद्यावर पाण्याची घागर घेतलेले एक गुरुजी आले. ते म्हणाले पूजेआधी नाही. मी म्हटलं, देवाचीच आहे. ते म्हणाले, मग देवालाच द्या. रिक्षावाला थांबला, पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"फुकट?"

"फुकट."

"कुठल्या पक्षाकडून?"

"कुठल्याच नाही. घे बाबा, प्रश्न विचारू नकोस."

त्यामुळे तो अधिकच घाबरला आणि निघून गेला. आयुष्यात मी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. आता देण्यासाठी हात पसरून उभी होते आणि कोणी घेत नव्हतं. पूर्वेला देवळाच्या गोपुरामागे आभाळ फटफटायला लागलं होतं. पेला कोमट झाला म्हणून मी मणीकडून दुसरी गरम कॉफी त्यात ओतून घेतली. हे नियमात बसतं की नाही कोणास ठाऊक. चष्म्यावर पुन्हा वाफ.

"अम्मा, जरा सरका. धूळ उडतेय, कॉफीत जाईल."

मी सरकले. कोपऱ्यावरून एक माणूस येताना दिसला, पण तो गल्लीत वळला.

"झाकून तरी धरा," मागून पुन्हा आवाज.

मी तळहात पेल्यावर धरला आणि टाचा उंचावून गल्लीत बघितलं. कोणी नाही.

"ते मोपेडवाले अय्या तीन दिवस आले नाहीत. बरे आहेत ना?"

तेव्हा मी वळले. रस्ता झाडणारी होती. चाळिशीची, हिरव्या साडीवर नारिंगी जाकीट, हातात लांब दांड्याचा झाडू, मागे ढकलगाडी.

"तुला काय ठाऊक त्यांचं?"

"मी इथंच असते की," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली. ते यायच्या आधी मी तुमच्या दारासमोरचं झाडून घेते. तुमचे यजमान मग बाहेर येतात, उजवीकडे बघतात, डावीकडे बघतात, कोणी नाही म्हणतात आणि आत जातात. मग मोपेड येते."

"कोणी नाही, असं म्हणतात?"

"हो. रोज." ती हसली. त्यात तक्रार नव्हती. हवापाण्याविषयी सांगावं तसं तिनं सांगितलं.

मी तशीच उभी राहिले. सहा वर्षं. उजाडायच्या आत, आमच्या दारात, सगळ्यात आधी. महालिंगाच्या आधी. आणि यांनी तिच्या डोक्यावरून रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं होतं, देव येतोय का ते. मी तर आत्ता, एवढ्या घाईत, तिच्याच पायाशी उभी राहून टाचा उंच करत होते. नाव, गाव, जात पुसणार नाही, असं बालारावांनी कबूल केलं होतं, आणि ते आम्ही तंतोतंत पाळलं होतं. हिला आम्ही काहीच विचारलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की कान तापले.

"घे," मी पेला पुढे केला.

"मला?"

"मग कोणाला?"

"थांबा, माझा गिलास गाडीत आहे."

"गिलास नको. ह्यातच."

"ह्यात?" तिनं पितळी पेल्याकडे पाहिलं. "हा देवाचा आहे. वास येतो रोज, मला ठाऊक आहे तो." आणि आमच्या पायरीकडे बघून म्हणाली, "आणि माझे पाय धुळीचे आहेत."

आता गोड बोलायला हवं होतं. पण आभाळ गुलाबी व्हायला लागलं होतं आणि माझा स्वभाव काही तेवढ्यात बदलत नव्हता. "तू मला नियम शिकवू नकोस!" मी ओरडले. "उजाडतंय! ये आधी आत!" आणि तिचं मनगट धरून तिला पायरीवरून वर घेतलं. झाडू तिच्या दुसऱ्या हातात तसाच होता. स्टुलाशेजारच्या बाकावर, महालिंगाच्या जागी, बसवलं.

तिनं कॉफी पेल्यातून डबऱ्यात, डबऱ्यातून पेल्यात दोनदा ओतली, फेस आणला. ओठ न लावता वरून एक घोट घेतला. डोळे मिटले. मणी गाळणं धरून पुतळ्यासारखा उभा. मी बाहेर बघत होते, ऊन अजून पडलं नव्हतं.

"कशी आहे?" मी विचारलं.

"चिकोरी जास्त झालीय," ती म्हणाली.

मणी कळवळला. मी मात्र हात जोडले. अगदी आपोआप जोडले गेले. "उद्या नीट करते," मी म्हटलं.

तिनं पेला रिकामा करून उलटा धरून दाखवला. तिचं नाव अलमेलु हे मी नंतर विचारलं. ती पिऊन झाल्यावर विचारलं म्हणजे करार मोडत नाही, असं मी ठरवलं.

सहाला फोन वाजला. यांचा आवाज बसलेला. "गोदे, महालिंग येथें बसला आहे. त्यानें मज सर्व सांगितलें. तेथें कोण्ही आलें नाहीं ना? दोन दिवसही?"

"दोन दिवस मी खोटें बोललें," मी म्हटलं. "सोमवारींही अर्धाच प्याला. मीच त्यास हाकललें. आतां रागें भरूं नका, आकडे वर जातील. पण आजचा पेला गेला."

"कोणाकडे?"

मी सांगितलं. सगळं. उजवीकडे, डावीकडे, कोणी नाही, तेही. सांगताना वाटत होतं, मीच मारतेय ह्या माणसाला. मग पलीकडून रडण्याचा आवाज आला, आणि त्यात मधेच हसण्याचा.

"ती रोज होती?" हे म्हणाले. "दारींच?"

"रोज."

"मी तिजकडे पाहत होतों, गोदे. मज केरसुणी दिसत होती." "मज वाटलें मी त्यास फसवतों आहें. त्यानें तर माणूस पाठवलें होतें. मीच घेतलें नाहीं."

मागून रम्या म्हणाली, अप्पा, बास आता, नर्स आलीय. आणि हे घाईनं म्हणाले, "तिला पूस, उद्यां येईल का."

मी फोन बाजूला धरून अलमेलुला विचारलं.

"उद्या शुक्रवार," ती झाडू उचलत म्हणाली. "शुक्रवारी माझी सुट्टी असते. परवा येते."

हे मी यांना सांगितलं. "सरी," हे म्हणाले. "सुट्टी हवीच." रम्यानं नंतर सांगितलं की आत नेताना रक्तदाब अगदी नेमका होता आणि महालिंग खाटेबरोबर दारापर्यंत चालत गेला. दुपारी एकला डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, छान झालं. मी दुकानातच रडले, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, आणि मणीनं सगळ्यांना माझ्या वतीनं सांगितलं की धूर गेलाय डोळ्यात. गॅसच्या शेगडीचा कसला धूर, पण सगळ्यांनी मान डोलावली.

शुक्रवारी पाचला मी दार उघडलं. पेला तसबिरीसमोर धरला, दहा म्हटले, रस्त्यावर आले. आणि उजवी-डावीकडे बघायच्या आधी चष्मा काढून पदरानं स्वच्छ पुसून घेतला.